ठिगळांचे ठेकेदार

इंदुरातल्या कुठल्याही वेबसाइटवाल्याला विचारा, "जुन्या ब्राउझरवर चालेल ना?" तो मान वर न करता सांगेल, "पॉलिफिल टाकलंय." झालं. ग्राहक खूश, मॅनेजर खूश, बिल पास. पॉलिफिल म्हणजे काय हे त्या तिघांपैकी दोघांना माहीत नसतं, आणि ज्याला माहीत असतं त्याने ते पान एकाही जुन्या ब्राउझरवर उघडून पाहिलेलं नसतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वेबचे नियम दरवर्षी पुढे सरकतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी त्यांच्यामागोमाग नव्या सोयी देत राहतात. लोकांचे फोन आणि संगणक मात्र कधीतरी अपडेट व्हायचे थांबतात आणि तिथेच राहतात. मग जी सोय जुन्या ब्राउझरमध्ये नाही, ती जावास्क्रिप्टचा तुकडा लिहून वरून जोडायची. हा तुकडा म्हणजे पॉलिफिल. रेमी शार्प या इंग्रज प्रोग्रामरने २००९ च्या सुमारास हे नाव रूढ केलं. मी आपलं त्याला ठिगळ म्हणतो. ठिगळाबद्दल माझी तक्रार नाही. फाटलेल्या जागी लावलेलं ठिगळ ही सभ्य गोष्ट आहे. माझा राग ठिगळांच्या ठेकेदारांवर आहे. जुन्या फोनवाल्याचं नाव पुढे करायचं आणि त्याच्याआड स्वतःचा आळस झाकायचा, हा आमच्या धंद्याचा शिरस्ता झालाय. मी याच धंद्यात भाकरी खातो, त्यामुळे हे ऐकीव नाही.

भंवरकुआंला या. पीएससीच्या क्लासांनी तो सगळा भाग गजबजलेला असतो. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं मुख्यालय इंदुरातच, रेसिडेन्सी भागात. त्यामुळे झाबुआ, खरगोन, बडवानीपासून पोरंपोरी इथे येऊन खोल्या घेऊन राहतात. आणि गल्लोगल्ली फॉर्म भरून देणारी कियोस्क. २००६ मध्ये राज्य सरकार आणि टीसीएस यांनी मिळून एमपीऑनलाइन काढलं, तेव्हापासून या शहरात फॉर्म 'भरवून आणणं' हे रोजच्या कामांपैकी एक झालंय. अशाच एका कियोस्कवर मी मुद्दाम जाऊन बसलो होतो. दोन संगणक, दोन्हींवर विंडोज ७. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये त्यावरून हात झटकले, पण कियोस्कवाल्याचा प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, सगळं त्यावर बिनबोभाट चालतं. तो कशाला बदलेल?

एक मुलगी आली. फोनवर फॉर्म भरायला गेली तर पान पांढरं फटक. कियोस्कवाल्याने क्रोममध्ये तोच पत्ता टाकला. वर खात्याचं बोधचिन्ह आलं, नाव-पत्त्याच्या चौकटी आल्या, पण जिल्ह्यांची यादी काही उघडेना, आणि जिल्हा निवडल्याशिवाय पुढचं बटण दाबता येईना. त्याने चेहऱ्यावरची माशी न हलवता क्रोम बंद केलं, फायरफॉक्स उघडलं, आणि यादी हजर. "ये वाली साइट इसी में चलती है, भिया," तो मला म्हणाला. का, ते त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नाही. ते ठाऊक असण्याचे पैसे दुसऱ्या कोणीतरी घेतलेत.

मी पानाच्या कोडमध्ये डोकावून पाहिलं. जिल्हे वर्णक्रमाने लावायला बनवणाऱ्याने 'टूसॉर्टेड' वापरलं होतं. क्रोममध्ये ही सोय आली ११० व्या आवृत्तीत, फेब्रुवारी २०२३ मध्ये. विंडोज ७ ला मिळालेलं शेवटचं क्रोम १०९. एका आकड्याने हुकलं. फायरफॉक्समध्ये तीच सोय आली ११५ व्या आवृत्तीत, आणि विंडोज ७ वर चालणारं शेवटचं फायरफॉक्सही नेमकं ११५. एका आकड्याने तरलं. त्या मुलीचा अर्ज जातो की राहतो, ते या योगायोगावर ठरलं. आणि एवढं कशासाठी? यादी लावायची जुनी रीत आहे, आधी प्रत काढायची आणि मग 'सॉर्ट' चालवायचं. ती पंचवीस वर्षांपूर्वीच्या ब्राउझरवरही चालायची. तिला ठिगळ लागतच नाही. पण जुनी रीत वापरली तर पोरगं मागासलेलं दिसतं, नाही का? मुलाखतीत काय सांगणार?

कहर पुढे आहे. त्याच पानाच्या डोक्यावर पॉलिफिलचा जाडजूड गठ्ठा जोडलेला होता. त्यात प्रॉमिस होतं, फेच होतं, इंटरनेट एक्स्प्लोरर ११ ला लागणारं यच्चयावत सामान होतं. ते एक्स्प्लोरर खुद्द मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निवृत्त केलं. म्हणजे निवृत्ताची सगळी बडदास्त, आणि समोर चालू असलेल्या क्रोम १०९ ची कोणाला आठवणही नाही. हा गठ्ठा त्या मुलीच्या फोनने तिच्या डेटातून उतरवून घेतला होता, आणि वर पान पांढरंच दाखवलं होतं.

तेव्हा खरं पॉलिफिल तो कियोस्कवाला आहे. कुठल्या खात्याचं पान कशात उघडतं, कुठे पॉप-अप चालू करावा लागतो, कुठे फोटो अमुक केबीच्या वर गेला की सगळं पहिल्यापासून भरावं लागतं, हे त्याच्या तोंडपाठ. फरक इतकाच, की जावास्क्रिप्टचं ठिगळ फुकट मिळतं आणि या ठिगळाचे पैसे झाबुआहून आलेली मुलगी खिशातून मोजते.

तिच्या फोनचं काय झालं होतं, तेही सांगतो, कारण आमच्यातल्या निम्म्या लोकांना हाच भेद कळत नाही. ठिगळ लावता येतं ते नसलेल्या कामाला. 'हे फंक्शन नाही? घे, मी लिहून देतो.' पण भाषेचं व्याकरणच नवं असेल तर ठिगळ हतबल असतं. २०२० पासून जावास्क्रिप्टमध्ये प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे टिंब, असं एक चिन्ह आलं. 'असेल तर पुढे जा, नसेल तर गप्प बस' एवढा त्याचा अर्थ. क्रोमला ते ८० व्या आवृत्तीपासून कळतं. त्याआधीच्या ब्राउझरला फाइलमध्ये हे चिन्ह एकदा जरी दिसलं, तरी तो अख्खी फाइल नाकारतो. ती ओळ सोडून बाकीचं चालवू, असा समंजसपणा जावास्क्रिप्टमध्ये नाही. त्या मुलीच्या फोनची जागा भरलेली, क्रोम कित्येक दिवसांत अपडेट झालेलं नाही. एका चिन्हापायी हजारो ओळी गारद. पॉलिफिलचा गठ्ठा नीट उतरला, नीट चालला, आणि त्याच्या पुढची फाइल जागीच मेली. यावर उपाय आहे. बेबलसारखं साधन नवं व्याकरण जुन्यात उतरवून देतं. पण त्याला कुठल्या ब्राउझरपर्यंत उतरायचं ते सांगावं लागतं, आणि ती ओळ आमची मंडळी शिकवणीच्या व्हिडिओतून जशीच्या तशी उचलतात: प्रत्येक ब्राउझरच्या शेवटच्या दोन आवृत्त्या. शेवटच्या दोन! त्याच जागी भारतातल्या वापराचे आकडे धरायला सांगता येतं, त्याला दोन अक्षरं जास्त टंकावी लागतात. तेवढेही कष्ट नकोत.

आणि हे फक्त चुकार फोनांचं नाही. जिओफोन आठवतोय? २१ जुलै २०१७ ला जाहीर झाला, पंधराशे रुपये अनामत, बोटभर पडदा, खाली बटणं. देशात ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इंटरनेट उघडलं त्यातल्या किती जणांनी ते याच फोनवर उघडलं असेल! त्यातल्या कायओएस या प्रणालीचं ब्राउझर-इंजिन होतं गेको ४८, म्हणजे ऑगस्ट २०१६ च्या फायरफॉक्सचं. जावास्क्रिप्टचं 'एसिंक-अवेट' फायरफॉक्सला मार्च २०१७ मध्ये, ५२ व्या आवृत्तीत कळायला लागलं. पानाची मांडणी करणारं सीएसएस ग्रिडही त्याच वेळी. म्हणजे फोन लोकांच्या हातात पडला तेव्हाच तो आमच्या लेखी म्हातारा होता. आमच्या क्रिस्टल आयटी पार्कातून आणि विजयनगरच्या काचेच्या कचेऱ्यांतून 'डिजिटल इंडिया'ची किती पानं बाहेर पडली, त्यातली किती जणांनी जिओफोनवर उघडून पाहिली? दुकानात जाऊन एक विकत घ्यायला दोन प्लेट पोहे-जलेबी आणि थोडे वरचे पैसे लागले असते.

ठिगळाची सुरुवात अशी नव्हती. ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आलं, बाजार जिंकला, आणि मायक्रोसॉफ्ट निवांत झोपली. ७ यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. तेवढ्या काळात ज्यांनी पानं बनवली त्यांनी अक्षरशः रक्त आटवलं. साध्या क्लिकला प्रतिसाद द्यायचा तर एक्स्प्लोररची रीत वेगळी, बाकी जगाची वेगळी. २००६ मध्ये जॉन रेझिगने जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी आणली आणि ही भांडणं तिच्या पोटात घातली. पुढे एचटीएमएल ५ चे नवे टॅग आले तेव्हा जुन्या एक्स्प्लोररला ते ओळखताच येईनात. त्या टॅगचं नाव जावास्क्रिप्टमधून एकदा उच्चारलं की ओळखतो, असा शोध लागला आणि इवलीशी स्क्रिप्ट तयार झाली. ही खरी ठिगळं. ब्राउझरला आधी विचारायचं, 'तुला हे येतं का?' येत नसेल तरच जोडायचं. आणि दिवस भरले की काढून टाकायचं. जेक्वेरीने एप्रिल २०१३ मध्ये २.० काढताना एक्स्प्लोरर ६, ७ आणि ८ ला सरळ नारळ दिला. आमच्याकडे लावलेलं ठिगळ काढायची पद्धत नाही. लावलेलं राहतं, त्यावर दुसरं चढतं.

सरकारी पोर्टलांनी तर त्या काळी उलटाच उद्योग केला होता. आम्ही तुमच्या ब्राउझरपर्यंत येणार नाही, तुम्हीच एक्स्प्लोरर उघडा, अशी पाटीच खाली लावलेली. डिजिटल सही जावा ॲपलेटवर अडलेली. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोम ४५ ने तसल्या प्लगइनचा रस्ताच बंद केला, तेव्हा या शहरातल्या सीए मंडळींनी एक जुना संगणक 'सहीचा' म्हणून कोपऱ्यात जपून ठेवला. मग सहीसाठी संगणकावर वेगळं सॉफ्टवेअर चढवायची पद्धत आली. जीएसटीचं ईएमसाइनर त्यातलंच. सरकारी संकेतस्थळं वेगवेगळ्या ब्राउझरवर तपासून घ्यावीत, हे एनआयसी या सरकारच्याच संगणक-संस्थेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवलंय. लिहून ठेवायला आपला हात कोण धरणार.

आता त्या प्रकरणाकडे येतो, ज्यानंतर या धंद्याने लाजेने वर्षभर तरी मान खाली घालायला हवी होती. पॉलिफिल डॉट आयओ. फायनान्शियल टाइम्समध्ये असताना अँड्र्यू बेट्स यांनी ही सेवा उभी केली. कल्पना झकास होती: पानात एकच ओळ टाका, येणाऱ्याचा ब्राउझर ओळखून त्याला लागतील तेवढीच ठिगळं आमच्या सर्व्हरवरून जातील. नव्या फोनला जवळजवळ काहीच नाही, जुन्याला भरपूर. लोकांनी ती ओळ टाकली आणि विसरून गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते डोमेन फनल नावाच्या चिनी कंपनीच्या हाती गेलं. बेट्सनी तेव्हाच जाहीर सांगितलं, ही ओळ ताबडतोब काढा. तसंही आजच्या वेबसाइटना यातल्या ठिगळांची गरज उरलेली नाही. कोण ऐकतो? जूनमध्ये सॅनसेक या डच सुरक्षा कंपनीने भांडं फोडलं. एक लाखाहून जास्त संकेतस्थळांत ती ओळ होती, आणि तिच्यातून आता ठिगळाऐवजी विष जात होतं.

त्या विषाची कारागिरी पाहण्यासारखी होती. ते ठरावीक मोबाइलवरच जागं व्हायचं, तेही ठरावीक तासांना. साइटचा मालक म्हणजे ॲडमिन आत आलाय असं दिसलं की गप्प. मोजदाद करणारी स्क्रिप्ट दिसली की दमाने घ्यायचं. आणि सापडलेल्या वाचकाला सट्ट्याच्या साइटवर नेऊन सोडायचं, तेही गुगल ॲनालिटिक्सच्या नावातला 'एल' काढून तिथे 'आय' बसवलेल्या बनावट पत्त्यावरून. मालकाने स्वतःच्या लॅपटॉपवर साइट उघडली की सगळं ठीक. सट्टा दिसायचा तो गिऱ्हाइकाला. शेवटी डोमेन नोंदवणाऱ्या नेमचीप कंपनीने ते डोमेनच बंद केलं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने त्याच फनलवर ऑनलाइन फसवणुकीला हातभार लावल्याबद्दल निर्बंध घातले.

"आम्हाला काय माहीत, डोमेन विकलं जाईल?" असा बचाव मी याच कानांनी ऐकलाय. अहो, परक्या सर्व्हरवरची स्क्रिप्ट बदललेली नाही हे पडताळायची सोय ब्राउझरमध्ये आहे. फाइलचा ठसा पानात लिहून ठेवायचा, ठसा जुळला नाही तर ब्राउझर ती चालवत नाही. पण या सेवेत प्रत्येक ब्राउझरला वेगळी फाइल जायची, त्यामुळे ठसा घेणंच अशक्य. म्हणजे पहिल्या दिवसापासून ती ओळ म्हणजे कोरा चेक होता, आणि तो आम्ही डोळे उघडे ठेवून फाडून दिला. वर जिथे पैसे भरायचे त्याच पानांवर.

जे खरंच ठिगळं शिवतात त्यांची आम्ही काय किंमत ठेवली, तेही बघा. कोअर-जेएस ही या क्षेत्रातली सगळ्यात मोठी लायब्ररी. बेबलच्या पाठोपाठ ती कुठे कुठे शिरलीय याचा वापरणाऱ्यांनाही पत्ता नसतो. ती प्रामुख्याने एकट्या डेनिस पुश्कार्योव या रशियन माणसाच्या खांद्यावर उभी आहे. २०१९ मध्ये त्याने लायब्ररी बसवताना पडद्यावर दोन ओळी दाखवल्या: मदत करा, शिवाय मी चांगल्या नोकरीच्या शोधात आहे. जगभरच्या प्रोग्रामरांनी त्याला शिव्या घातल्या. काळ्या पडद्यावर जाहिरात म्हणजे काय? फुकटचा माल खाणारे आम्ही, आणि आमच्या डोळ्यांना दोन ओळींचा त्रास. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने आपली सगळी कैफियत मांडली, तेव्हा चार दिवस हळहळ झाली.

मराठी माणसाला चांगलं ठिगळ म्हणजे काय ते सांगायला खरं तर परदेशात जायची गरज नाही. विंडोज एक्सपीच्या दिवसांत देवनागरी नीट दिसायची तर सीडी घालून भाषेच्या फाइली चढवाव्या लागत, आणि टंकायची सोय तर बहुतेकांकडे नव्हतीच. इकडे इंदूरच्या कचेऱ्यांत कृतिदेव फॉन्टचं राज्य. एका संगणकावर लिहिलेलं दुसऱ्यावर अगम्य. त्या काळात ओंकार जोशी यांचं 'गमभन' आलं. रोमन अक्षरं टंका, पानातच देवनागरी उमटते. मिसळपावसारख्या संकेतस्थळांनी ते आपल्यात सामावून घेतलं. ना फाइल चढवायची, ना फॉन्ट शोधायचा. नेमकी उणीव हेरली, तेवढीच भरली. पुढे फोनमध्येच मराठी कीबोर्ड आले. पण गमभनवर ज्यांनी मराठीत पहिल्यांदा चार ओळी टंकल्या, त्यांना हे जावास्क्रिप्ट आहे की आणखी काही, याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांना लिहिता आलं.

आमच्या मीटिंगांत मात्र एकच ठेवणीतला प्रश्न: "पण जुने फोन वापरतं कोण? ॲनालिटिक्समध्ये तर दिसत नाहीत." दिसतील कसे? मोजणारी स्क्रिप्ट कित्येकदा त्याच फाइलींच्या गठ्ठ्यात बांधलेली असते. फाइल मेली की मोजणारीही मेली. ज्याला पान उघडलं नाही तो तुमच्या तक्त्यात आलाच नाही, आणि आला तरी 'दोन सेकंदांत निघून गेलेला, रस नसलेला' म्हणून आला. दारातून परत पाठवलेल्यांना वगळून शिरगणती करायची आणि मग म्हणायचं, बाहेर कोणी नव्हतंच.

फॉर्मला मुळात एवढं लागतं काय? नाव लिहायची चौकट, यादी, पाठवायचं बटण. हे सगळं १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये होतं आणि ते एका ओळीच्याही जावास्क्रिप्टशिवाय चालतं. जिल्ह्यांची यादी सर्व्हरवरच लावून पाठवली असती तर टूसॉर्टेडची भानगडच उद्भवली नसती. वरची शोभा नंतर जोडा, ज्याच्या ब्राउझरला झेपेल त्याला दाखवा. एवढं करून एखादं ठिगळ लागलंच तर स्वतःच्या सर्व्हरवरून द्या. यात नवीन काही नाही; धंद्यातल्या शहाण्या माणसांनी हे दोन दशकांपासून कानीकपाळी ओरडून सांगितलंय.

वेबसाइटवाल्यांना सांगून काही होणार नाही, म्हणून शेवटचं बोलणं साइट करून घेणाऱ्यांशी. शाळा असो, पतपेढी असो, मंडळ असो की सरकारी खातं. करारात एक कलम घाला: विंडोज ७ वरचं क्रोम १०९, आणि इंदुरातल्या जेल रोडवरून आणलेला कुठलाही जुना वापरलेला अँड्रॉइड फोन, या दोन्हींवर फॉर्म पहिल्या रकान्यापासून पावतीपर्यंत भरून दाखवायचा, तोही तुमच्यासमोर. पान पांढरं आलं तर "पॉलिफिल टाकलंय" हे उत्तर घेऊ नका, आणि शेवटचा हप्ता देऊ नका.